कॅम्पर घेऊन घरच्यांसह लांबचा प्रवास: आधी वजनकाटा, मग नकाशा

दिवाळीत भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कॅम्पर, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन कोल्हापुरातून निघालो. जाताना पुणे, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, अमृतसर. येताना दिल्ली, आग्रा, झाशी, नागपूर, तुळजापूर. तेवीस दिवस आणि पाच हजारांच्या आसपास किलोमीटर. गाडीत मी, नवरा, दोन पोरं आणि त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "गाडीला किती घातले?" कॅम्परच्या बाबतीत हा प्रश्न तिसरा. पहिला, पाणी किती लागतं? दुसरा, रात्री संडासचं काय? या दोन्हींची उत्तरं तयार असतील तर पुढचं वाचा.

आमची गाडी म्हणजे जुनी घेतलेली फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस. नवऱ्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्निंगचं (लेथवरच्या कामाचं) वर्कशॉप आहे. आजूबाजूला वेल्डर, फॅब्रिकेटर, पत्रेवाले सगळे ओळखीचे, त्यामुळे सीट काढून बेड ठोकायला आठवडा पुरेल असा त्यांचा हिशेब होता. मी अडवलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत जाऊन काय चालेल ते विचारा, काम अधिकृत बॉडी बिल्डरकडून करून घ्या, बदलाची नोंद आरसीवर चढवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. यात आमचे चार महिने गेले. घरात रोज एकदा तरी यावरून वाजायचं. पण नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, ते भांडण त्याहून महागात पडलं असतं. लायसन्सची चिंता मात्र नको: एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली अशी गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालते. आम्ही दोघं आलटून पालटून चालवत होतो. एकट्याच्या जीवावर एवढा पल्ला मारू नका.

फास्टॅगवर गाडीचा वर्ग बरोबर आहे का ते घरीच बघून घ्या. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनला मिळतो. तुमची गाडी मिनीबसच्या वर्गात असेल तर तो पास हिशेबात धरू नका.

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं आपण टाकी बसवताना विसरतो. आमची टाकी १२० लिटरची, म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची गाडीत झोपलेली. सगळं सामान भरा, टाकी काठोकाठ भरा, घरच्यांना आत बसवा आणि मग वजनकाट्यावर जा. आपल्याकडे उसामुळे काट्यांना तोटा नाही. पूर्ण गाडीचं वजन घ्याच, शिवाय फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा आणि फक्त मागची ठेवून एकदा घ्या. आमच्या मागच्या ॲक्सलवरचं (चाकांच्या दांड्यावरचं) वजन मर्यादेच्या वर गेलं होतं. टाकी मागच्या चाकांच्या पुढे सरकवली, लोखंडी कपाट काढून प्लायचं केलं आणि आत्यांचा दगडी खलबत्ता घरी ठेवला. त्यावर दोन दिवस अबोला होता. टाकी अर्धी असेल तर वळणावर पाणी डचमळून गाडी हेलकावते, म्हणून टाकीत आडवे पडदे (पाणी अडवणाऱ्या आतल्या भिंती) बसवून घ्या.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ते वाचायला शिका. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर घेऊन एवढ्या लांब जाऊ नका. हवा सकाळी टायर थंड असतानाच बघा.

मग एक रात्र जवळच काढून बघा. पन्हाळा नको, फारच सोपा पडतो. आम्ही गगनबावड्याला गेलो. करूळ घाटाच्या तिसऱ्या का चौथ्या वळणावर मागून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ वास. कपाटांना चुंबकाचे कॅच लावले होते, घरातल्या किचनला असतात तसे. दार उघडून कांदा-लसूण चटणीची दोन किलोची बरणी खाली आली होती आणि तेल बेडखाली, गालिच्यात, पोराच्या बुटात पसरलं होतं. धाकटी नाक धरून म्हणाली, "आई, आता गाडीतच भाकरी खाऊया, कुठंही लावून." परत आल्यावर सगळ्या दारांना दाबून उघडायचे कॅच आणि वर एकेक साधी कडी लावली. बरण्यांसाठी फळीला तीन इंचांची आडवी पट्टी मारली. निघण्याआधी कड्या बघायचं काम धाकटीकडे दिलं. तिने "कड्या!" म्हटल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, असं ठरलं.

विजेचा हिशेब कागदावर करा, विकणाऱ्याच्या शब्दावर करू नका. आमच्याकडे आतल्या वापराला वेगळी लिथियम बॅटरी आहे, १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-अवर. गुणाकार केला की २,५६० वॅट-तास येतात, म्हणजे अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे अडीच तासांत बॅटरी झोपली. म्हणून एसीचा नाद सोडला आणि प्रवासच थंडीच्या तोंडावर ठेवला. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला अर्धा युनिट घेतो. पंखे, दिवे, मोबाईल मिळून आणखी अर्धा. टपावरची ४०० वॅटची सोलर पॅनेलं ऊन असेल तर एवढं भरून काढतात. आतलं काहीही इंजिनाच्या बॅटरीला जोडू नका. पहिल्या ट्रायलला आमचा फ्रिज तिच्यावरच होता, आणि सकाळी गाडी ढकलून सुरू करायला गगनबावड्याची निम्मी बाजारपेठ लागली.

गॅसला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो, तो बऱ्याच पेट्रोल पंपांवरही मिळतो. सिलिंडर उभाच आणि पट्ट्याने बांधलेला असावा, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो, म्हणून हवेचं भोक जमिनीलगत हवं, वर नव्हे. आणि थंडी वाजते म्हणून काचा बंद करून शेगडी पेटवायची नाही, कितीही कुडकुडलात तरी.

संडास. आमच्याकडे खाली वीस लिटरची पेटी असलेला सुटा संडास आहे. पाच माणसांनी मोकळेपणी वापरला तर दीड दिवसात भरतो. म्हणून नियम केला: दिवसा पंप नाहीतर हॉटेल, गाडीतला फक्त रात्री, आणि आत्यांना कधीही मुभा. पेटी रिकामी करायची ती फक्त संडासातच, परवानगी विचारून आणि नंतर पाणी ओतून. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला ओतणाऱ्याने कॅम्पर विकून टाकावी. हे काम नवऱ्याने न कुरकुरता केलं, हे इथे लिहून ठेवते.

रोजचा पल्ला अडीचशे किलोमीटर धरा. मॅप पाच तास म्हणाला तर कॅम्परला सात लागतात. आमचे दोन-तीन दिवस चारशेचे झाले आणि त्याच दिवशी सगळ्यांची भांडणं झाली. संध्याकाळी पाचच्या आत मुक्काम. अंधारात जागा शोधू नका, उजेडात जी जागा बरी दिसते तिच्या मागे नाला आहे का हे रात्री कळत नाही. पेट्रोल पंपावर मुक्काम करायचा तर मॅनेजरला आधी विचारायचं, डिझेल तिथंच भरायचं, ट्रकच्या ओळीपासून लांब, दिव्याखाली थांबायचं. हॉटेलवाले रात्रीचं जेवण घेतलं तर पार्किंग देतात, कधीकधी वीजही. पंजाबात गुरुद्वारात सेवादाराला विचारा. सुवर्णमंदिरात लंगरला बसल्यावर आत्यांनी दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली आणि नंतर भांडी घासायला गेल्या, त्यांना तासाभराने शोधून आणावं लागलं.

घाटात ट्रकवाल्यांचा नियम पाळा: ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. खंडाळा उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून बसतात, आणि तीन-साडेतीन टनांची गाडी विनवणी ऐकत नाही.

गाडीची उंची पेंटरकडून ड्रायव्हरसमोर लिहून घ्या. आमची ९ फूट १० इंच, पॅनेलं धरून. उदयपूरच्या जुन्या गावात मॅपच्या नादाने शिरलो तेव्हा वर विजेच्या तारा आणि मागे रिक्षांची रांग. पंधरा जण "आने दो, आने दो" करत होते, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला हात करून. जुन्या शहरात कॅम्पर नेऊच नका, बाहेर लावा आणि रिक्षा करा. हायवेवर बंद पडलात तर १०३३ ला फोन करा.

खाण्यात पहिले तीन दिवस दशम्या, खर्डा आणि भडंगावर निघतात. नंतर रोज एकदाच चूल: सकाळी भात-आमटी नाहीतर पिठलं-भाकरी, रात्री बाहेर. भाकरीला पाणी आणि पीठ लागतं त्यापेक्षा जास्त लागते ती थापायला सपाट जागा. ओट्याची उंची करणाऱ्या बाईला उभं करून मोजून घ्या, कारागिराच्या अंदाजावर सोडू नका.

परतीला नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूरमार्गे तुळजापूर गाठलं. आत्यांना घरी जायच्या आधी भवानीची ओटी भरायची होती. घरी पोचल्यावर थकवा असतो, तरी त्याच दिवशी टाक्या रिकाम्या करा, फ्रिजचं दार काठी अडकवून उघडं ठेवा, लिथियम बॅटरी निम्म्यावर ठेवा, गाद्या उन्हात टाका. आमचं हे सगळं झालं. बेडखालच्या प्लायला मात्र अजून लसणाचा वास येतोय. सोडा, लिंबू, कॉफी करून झालं, आणखी काही माहीत असेल तर सांगा.