देणगीचे आकडे बघताना या चुका टाळा

मार्च संपला की मुंबईतल्या लहान संस्थांमध्ये पहिला प्रश्न येतो: यंदा किती जमले? तेवढ्यावरच थांबलात, तर मोठी चूक करताय. समजा, गेल्या वर्षीच्या 200 देणगीदारांपैकी 70 जणांनीच यंदा पुन्हा दिले. म्हणजे 130 माणसे हातची गेली. पण जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये कुणी तुमच्या संस्थेसाठी निधी जमवायला धावले, त्याच्या मित्रांनी भरभरून दिले, की एकूण आकडा फुगतो आणि गळती दिसतच नाही. त्या मित्रांनी बहुतेक वेळा दिलेले असते ते मित्राखातर. त्यांची नोंद वेगळी ठेवा आणि पुढच्या वर्षी त्यातले किती परतले ते वेगळे मोजा.

परतलेले मोजायचे तर माणूस ओळखू यायला हवा. परळच्या एका संस्थेची एक्सेल फाइल साफ करताना मला एकच बाई तीन ठिकाणी सापडल्या. चेकवर पूर्ण नाव, पावतीपुस्तकात नुसते 'दादरच्या काकू', आणि यूपीआयच्या यादीत मुलाचा मोबाइल नंबर. दरवर्षी न चुकता देणाऱ्या या बाईंना आम्ही 'देणगी बंद' यादीत टाकले होते. फार वाईट वाटले. 80जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, पावतीसाठी पॅन घेताच ना? मग तोच ओळखीचा आकडा धरा. पॅन नसेल तिथे मोबाइल नंबर. नावावर कधीच विसंबू नका, एकाच आडनावाची स्पेलिंगे चार होतात.

सरासरीही फसवते. 99 जणांनी हजार-हजार दिले आणि एका कंपनीने पाच लाख, तर सरासरी येते 5,990 रुपये. तेवढे कुणीच दिलेले नाही! त्या भरवशावर पत्रात 'सहा हजार द्या' लिहिले की हजार देणारा बिचकतो. रकमा चढत्या क्रमाने लावून मधला आकडा बघा.

एप्रिलची तुलना मार्चशी करू नका, गेल्या एप्रिलशी करा.

आणि मासिक देणगी थांबली म्हणजे माणूस नाराज झाला असे धरू नका. कित्येकदा कार्डाची मुदत संपलेली असते किंवा ऑटोपे अडकलेला असतो, त्यांना पत्ताही नसतो. 'पेमेंट फेल' झालेल्यांची यादी दर आठवड्याला काढा आणि फोन करा. आधी विचारपूस, मग कार्डाचा विषय.