कोकणातून बेळगावात शिकायला येताय? खोली सकाळी बघा

संध्याकाळी बेळगावातली कुठलीही खोली बरी वाटते. हवा गार असते, पोटात कुंदा (इथली खव्याची मिठाई) असतो, मालकीणबाई चहा विचारतात. मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन टिळकवाडीत आले. कॉलेजं उघडली की तिकडच्या ओळखीपाळखीच्या पोरांना खोल्या बघून द्यायचं काम माझ्याकडंच येतं. माझं सांगणं एकच, खोली सकाळी सातला जाऊन बघा.

आधी पाणी विचारा. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी आहे, पण सगळीकडं नळ रोज येतो असं नाही. आवारात विहीर असेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी तीच खोली घ्या. नळाच्या दिवशी मालकीणबाई पहाटेच दार वाजवणार, "काय गं, झोपून काय करालीस? पाणी आलंय बघ, भरून घे आदी." रागावू नका. पिंप भरा आणि वाटलं तर परत झोपा.

मग रस्ता. "विद्यापीठाजवळ खोली पाहिजे" असं मोघम सांगू नका. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (1998) मच्छेकडं, खानापूर रोडला. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं (2010) भुतरामनहट्टीचं आवार काकतीच्याही पुढं, पार उलट्या दिशेला. आरपीडी, जीएसएस कॉलेजवाल्यांना टिळकवाडी, हिंदवाडी सोयीची. मात्र रेल्वे गेटच्या अलीकडं राहताय की पलीकडं ते बघा. ऐन कॉलेजच्या वेळेला गेट पडतं. स्कूटर, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, कॅन लटकवलेला दूधवाला, सगळे रांग सोडून शेजारी-शेजारी घुसतात. गेट वर गेलं की दोन्हीकडचे एकदम सुटतात आणि रुळांवरच समोरासमोर येतात. मग हॉर्न. पहिला तास बुडतो तो इथंच.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. आपल्या थांब्याचं नाव कुणाकडून तरी कन्नडमध्ये वहीत लिहून घ्या, अक्षरं आपोआप ओळखीची होतात. कंडक्टर "मुंद होगरी" म्हणाला की पुढं सरकायचं. मुलींनी एक लक्षात ठेवा. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसनं फुकट जाता येतं, पण कर्नाटकातला पत्ता असेल तरच. शेजारची मैत्रीण शून्य रुपयाचं तिकीट घेईल, सिंधुदुर्गचं आधार कार्ड दाखवून तुम्हाला पैसेच मोजावे लागतील. त्यावरून कंडक्टरशी भांडण्यात अर्थ नाही. कॉलेजचं बोनाफाईड घेऊन सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, पासाची चौकशी करा.

नाश्त्याची काळजी नको. इडली, उप्पीट, डोसा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. दुपारी ज्वारीची भाकरी. आपल्या भातखाऊ पोटाला आठवडाभर ती जड जाते, नंतर भातानं पोट भरत नाही! मासे हवेत तर कॅम्प भागातलं मार्केट गाठा, पण घरचा ताजेपणा तिथं शोधू नका, आणि खोलीत शिजवायच्या आधी मालकांना विचारा. पुष्कळ घरांत चालत नाही.

कपडे मात्र नीट आणा. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. आपल्याकडं पाऊस कोसळतो आणि उघडतो. इथं जुलै-ऑगस्टमध्ये दिवसदिवस झिमझिम, वर वारा. जीन्स तीन दिवस वाळत नाही. छत्री उलटते, रेनकोटच घ्या.

आणि चतुर्थीला घरी जायचं तिकीट कॉलेज सुरू झाल्याझाल्या काढून ठेवा. आंबोलीमार्गे सावंतवाडीकडं जाणाऱ्या गाड्या तेव्हा भरून वाहतात, घाटात दरड आली तर दिवस मोडतो. आदल्या दिवसाची गाडी धरू नका, दोन दिवस आधी निघा.