रघूजी भोसल्यांवर लिहिताय? या चुका टाळा

गावातल्या वाचनालयाचं भाषण असो, शाळेचा निबंध असो की चौकातला फलक, नागपूरकर भोसल्यांबद्दल पहिली गफलत नावातच होते. रघूजी तीन. पहिले १७५५ मध्ये वारले. बंगालवरच्या स्वाऱ्या त्यांच्या काळातल्या. दुसऱ्यांनी १८०३ मध्ये अडगावची लढाई आणि गाविलगड गमावला, देवगावच्या तहात ओडिशातलं कटक सोडलं. तिसरे १८५३ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. तिघांची खिचडी झालेले मजकूर सर्रास दिसतात. प्रत्येक ओळीआधी साल टाका, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

मोठी चूक वजाबाकीची. "एवढा मुलूख जिंकला, त्यामानाने लूट किरकोळ." हे गणितच चुकीचं, कारण मिळालं नागपूरला आणि भोगलं बंगालच्या रयतेनं. कागदावर तीन रकाने पाडा: काय केलं, कोणाच्या पदरात पडलं, कोणाच्या खिशातून गेलं. १७५१ चा तह घ्या. बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली. पदरात पडलं भोसल्यांच्या. खिसा मात्र नवाबाचा नव्हे, शेवटी शेतसारा भरणाऱ्याचा. हा तिसरा रकाना बहुतेकांचा कोराच राहतो. वऱ्हाडात तरी राहू नये. निजाम आणि भोसले दोघंही वसुलीला येत, ती दोअमली इथल्याच गावांनी सोसली.

"तेव्हा सगळेच तसे वागायचे" असं लिहिण्याआधी तेव्हाचं कोणी काय म्हटलंय ते बघा. गंगारामाचं 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य त्याच काळातलं. पापी लोकांना शासन करायला देवानंच मराठ्यांना धाडलं, अशी त्याची सुरुवात. पुढे बायका-ब्राह्मणांवरचे अत्याचार येतात आणि देवीच मराठ्यांवर उलटते. म्हणजे हे वागणं तेव्हाही खपत नव्हतं.

क्रम उलटा लावण्याची खोडही जुनी. बंगालच्या स्वारीवरचे भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांना अलिवर्दीखानानं १७४४ मध्ये वाटाघाटीला बोलावून दग्यानं मारलं, हे खरं. पण मराठ्यांच्या स्वाऱ्यांत बंगालची गावं १७४२ पासूनच जळत होती. दगा हे त्या जाळपोळीचं कारण होऊ शकत नाही.

जगन्नाथपुरीची नोंद एका ओळीत उरकू नका. भोसल्यांनी देवळाला आधार दिला आणि यात्रेकरूंकडून करही घेतला. दोन्ही लिहा, शेजारी शेजारी, मधे "पण" न घालता. तिसऱ्या रकान्यासाठी काही हाती लागलं नाही तर "नोंद सापडली नाही" असं लिहून सोडा.