छपराला वळचण जोडू नका! लुईस बेटावरच्या दगडी घरांची दुरुस्ती करताना या चुका टाळा

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर लुईस बेट आहे. तिथल्या जुन्या दगडी घराला ‘ब्लॅकहाउस’ म्हणतात. कोकणात वाढलेल्या माणसाला हे घर बघताच खटकतं, कारण छपराला वळचणच नाही. शाकारलेलं छप्पर भिंतीच्या आतल्या कडेवर टेकून तिथंच संपतं. बाहेर भिंतीचा रुंद माथा उघडा, त्यावर गवत माजलेलं. कधी एखादी मेंढीही वर चढून चरते.

हात शिवशिवले तरी छप्पर बाहेर काढू नका. वळचणीखाली वारा शिरला की छप्पर उपटलंच म्हणून समजा. छपरावरून टाकलेल्या दोरांच्या टोकांना लटकवलेले दगडही मग पुरे पडत नाहीत.

‘पण मग भिंतीत पाणी मुरतं!’ मुरू द्या. ही भिंत म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या दोन भिंती आणि मधे ठासलेली माती. छपराचं पाणी त्या मातीत उतरतं, आणि ओली माती फटींतून येणारा वारा अडवते. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दगडांचे सांधे सिमेंटने भरणं. पाण्याची वाट बंद होते, माती फुगते आणि भिंतीला पोट सुटतं. असं पोट दिसलं तर वरून गिलावा करून झाकू नका. तेवढा भाग उतरवा, माती पुन्हा ठासा आणि दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन रचा. आपल्याकडे चिऱ्याच्या जुन्या घरांवरही सिमेंटचा असाच मारा होतो, पण तो वेगळा विषय.

धुराडं बसवायचा मोहही आवरा. मधोमध पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट सरपणाचा विस्तव असायचा. धूर छपरातून झिरपत बाहेर पडायचा, त्यानं शाकार कोरडा राहायचा आणि किडेही लागायचे नाहीत. आरनॉल गावातल्या ४२ नंबरच्या घरात १९६६ पर्यंत माणसं राहत होती. आज ते संग्रहालय आहे, तरी विस्तव पेटवतातच. डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास लागतो. इलाज नाही.

शाकार बदलताना काजळी धरलेलं जुनं गवत मात्र कचऱ्यात टाकू नका. बेटावरचे लोक ते शेतात खत म्हणून घालायचे.