फ्लोमीटरच्या लाइनीत नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा नाहीतर बीई करून नांदेड, लातूर, बीडकडची पोरं संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा एमआयडीसीत येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रामिंगचा, कोर्स कुठं करू. करा ना, त्याला माझी ना नाही, पण त्याआधी पाइपापाशी उभं राहायला शिका, कारण फ्लोमीटर म्हणजे पाइपातून किती वाहतंय ते मोजणारा मीटर, त्याचा स्क्रीनवरचा आकडा चुकला की सगळे प्रोग्राम उघडून बसतात आणि गोची निघते खाली पाइपात.

मॅगमीटर, म्हणजे चुंबकीय फ्लोमीटरच घ्या. पाणी असो, उसाचा रस असो, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट असो, आपल्याकडं सगळीकडं तोच. बारावीला फॅरेडेचा नियम पाठ केला होता तोच इथं कामाला येतो, चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की व्होल्टेज तयार होतं आणि ते वेगाच्या प्रमाणात असतं. पण मीटर मोजतो फक्त वेग, पाइप गच्च भरलाय हे तो धरूनच चालतो. ईटीपीची आउटलेट लाइन बऱ्याच ठिकाणी उतारावर असते, अर्धीच भरून वाहते, मग आकडा जास्त येतो आणि इलेक्ट्रोड उघडा पडला की नुसता नाचतो. तिथं कितीही कॅलिब्रेशन करा, उपयोग शून्य. मीटर खालून वर चढणाऱ्या लाइनीतच घ्यावा लागतो, नाहीतर पाइपाला खाली यू द्यावा लागतो. आणि डीएम वॉटरवर, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यावर, साधा मॅगमीटर चालत नाही, साधारण 5 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर तरी कंडक्टिव्हिटी पाहिजे. वाफेला तर नाहीच, तिथं व्होर्टेक्स (भोवरे मोजणारा मीटर) किंवा ऑरिफिस (भोकाच्या प्लेटच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा).

ऑरिफिसमधे दाबातला फरक फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून एकदाच वर्गमूळ काढावं लागतं, ते कुठं काढलंय ते आधी विचारा. ट्रान्समीटरमधेही काढलं आणि पीएलसीतही काढलं तर खरा फ्लो 50 टक्के असताना स्क्रीनवर 70.7 दिसतो, आणि कुठंच नाही काढलं तर 25. दोन्ही आकडे दिसायला एकदम शहाण्यासारखे, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढं मीटरकडून पीएलसीकडं जाणारा सिग्नल. 4 ते 20 मिलीअँपिअरमधे सुरुवात 4 पासून का, तर तार तुटली की 0 येतं आणि शून्य फ्लो वेगळा, तुटलेली तार वेगळी हे कळतं. मल्टीमीटर लूपमधे सिरीजमधे लावा, 0 ते 100 च्या रेंजला 12 मिलीअँपिअर आले म्हणजे 50, इथं बरोबर असेल तर मगच पीएलसीकडं वळा.

मॉडबसवर, म्हणजे मीटरमधले आकडे पीएलसीनं डिजिटल वाचायच्या पद्धतीवर, नवीन पोरं सगळ्यात जास्त अडकतात. फ्लोट व्हॅल्यू, म्हणजे दशांशाचा आकडा, दोन रजिस्टरमधे म्हणजे मेमरीच्या दोन खान्यांत येते. मीटरवर ताशी 50 घनमीटर आणि स्क्रीनवर 16968 दिसत असेल तर मीटर खराब नाही बाबा, तुम्ही फ्लोटचं पहिलंच रजिस्टर पूर्णांक म्हणून वाचताय. दोन्ही वाचूनही शून्यासारखं काहीतरी येत असेल तर त्या दोन रजिस्टरांचा क्रम (वर्ड) उलटा करून बघा. सिग्नलची केबल व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, पॉवर केबलजवळून नेऊ नका, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे कोरडे पडतात, त्यात पाणी टाकलंय का हे स्वतः जाऊन बघायचं, कुणाला फोन करून विचारायचं नाही.

पहिली नोकरी शक्यतो कमिशनिंगची, म्हणजे नवीन बसवलेलं तपासून चालू करायची, किंवा कॅलिब्रेशन लॅबची घ्या, पगार जरा कमी असला तरी चालेल. साखर कारखान्यात गाळपाच्या आधी मीटर तपासायचं काम मिळालं तर सोडूच नका, रस, पाणी, वाफ तिन्ही एकाच आवारात हाताखालून जातात.