शाळा सुटल्यावरचे दोन तास

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. कापूस वेचणी सुरू झाली की आई-बाप दिवेलागणीशिवाय घरी येत नाहीत, म्हणून संध्याकाळी पाच ते सात मी पोरं शाळेतच थांबवते.

पहिलं काम खाऊ. अभ्यास नाही. पहिल्या वर्षी मी पाच वाजताच पाढे काढले. निम्मी पोरं पेंगली, उरलेली भांडली. आता हातपाय धुऊन प्रत्येकी मूठभर मुरमुरे, शेंगदाणे, गुळाचा खडा. हजेरी खाता खाताच घ्यायची. जो दुपारी वर्गात होता आणि आता दिसत नाही, त्याच्या घरी लगेच फोन.

मग अर्धा तास मैदान, कारण हिवाळ्यात सहाला अंधारतं. गृहपाठ त्यानंतर. इयत्तेप्रमाणे बसवू नका. सातवीच्या एकापाशी दुसरीची दोन बसवा. पहिलीतली पोरं अहिराणीतच बोलतात. ‘भूक लागनी’ म्हणालं तर आधी खायला द्या, मग ‘भूक लागली’ सांगा. मोठी मुलं हे दुभाषाचं काम माझ्यापेक्षा बरं करतात. वीज गेली तर गोष्टी. चार्जिंगचा दिवा मात्र सकाळीच चार्जिंगला लावून ठेवायचा, हे मी अजूनही विसरते.

सोडताना वहीत नाव लिहिलेल्या माणसाच्याच हाती मूल द्या. ‘मी त्याचा काका’ म्हणणाऱ्याला बसवा, आईला फोन लावा. लोक रुसतात, रुसू द्या. शेवटचं पोर गेल्यावरच कुलूप.