‘वाक्यात उपयोग करा’ : या चुका टाळा

वाक्प्रचाराचा अर्थ पाठ असूनही गुण जातात, कारण वाक्यातून तो अर्थ दिसत नाही. ‘रमेशच्या तोंडचे पाणी पळाले’ हे व्याकरणाने बिनचूक आहे. पण तिथे ‘तोंडाला पाणी सुटले’ घातले तरी वाक्य तसेच चालते, म्हणजे ते कच्चे. प्रसंग जोडा : ‘मार्कंडेय नदीचे पाणी भातशिवारात शिरताना पाहून शेतकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.’ वाक्य लिहून झाले की वाक्प्रचारावर बोट ठेवा आणि उरलेले वाचा. तेवढ्यावरून माणूस घाबरला की सुखावला, हे कळलेच पाहिजे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात खरा घात होतो तो क्रियापदाशी. घरी आपण ‘मी काम केलो’, ‘आम्ही भाकरी खाल्लो’ असे बोलतो. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, तीच चाल इथल्या मराठीत मुरली आहे. बोलीत ती शोभते, आणि त्यावरून मुलांना कुणी हिणवू नये. उत्तरपत्रिकेत मात्र प्रमाण मराठी लागते आणि ‘आम्ही कंबर कसलो’ चूक ठरते.

उपाय सोपा आहे. क्रिया पूर्ण झाली असेल तर क्रियापदाला ‘काय?’ विचारा. काय कसली? कंबर. शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘आम्ही कंबर कसली’. काय टवकारले? कान, अनेक. म्हणून ‘मी कान टवकारले’. ‘तो तोंडात बोटे घातला’ नव्हे, तर ‘गोकाकचा धबधबा पाहून त्याने तोंडात बोटे घातली’. त्याच शब्दाला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला, तर क्रियापद ‘-ले’वर थांबते : ‘बाईंनी उशिरा आलेल्या मुलींना धारेवर धरले.’

हा नियम कळला की काही मुले तो सगळीकडे लावतात. शिकणे, बोलणे, विसरणे, नेसणे ही क्रियापदे कर्त्याबरोबरच जातात : ‘तो चांगलाच धडा शिकला’, ‘आजी इरकल नेसली’. तिथे ‘त्याने शिकले’ करू नका.

विभक्तीही वाक्प्रचाराचाच भाग आहे. ‘पोलिसांना नाकी नऊ आले’ चूक, ‘गर्दी आवरताना पोलिसांच्या नाकी नऊ आले’ बरोबर. ‘हेवा’ त्याच्यावर नव्हे, त्याचा वाटतो. म्हणून पाठांतर करताना ‘नाकी नऊ येणे’ एवढेच लिहू नका, वहीत ‘कोणाच्या?’ हेही पुढे लिहा.

रंगाच्या शब्दांत गफलत होते ती जोडीची. काळेभोर केस आणि डोळे, काळाकुट्ट अंधार. कापड पांढरेशुभ्र, भीतीने चेहरा पांढराफटक. ‘तिचे केस काळेकुट्ट होते’ असे लिहिले की कौतुक करायला जाऊन उलटाच परिणाम होतो. लिंगाप्रमाणे पहिला भाग बदलतो, दुसरा नाही : काळीकुट्ट रात्र, काळेकुट्ट ढग.

आवाजाच्या शब्दांना आपापले धनी ठरलेले आहेत. गडगडाट ढगांचा, कडकडाट विजेचा, सळसळ पानांची, खळखळाट ओढ्याचा. पावसाचा जोरही सांभाळा : रिमझिम पावसाने मलप्रभेला पूर येत नाही, तिथे ‘मुसळधार’च हवा.